आत्याचा तंबोरा बोलेनासा झालाय : जवारी, गंधार आणि कान

जाई_नाशिक

नमस्कार मंडळी.

गेल्या श्रावणात माझी आत्या गेली. चाळीस वर्षं तिने घरी गाणं शिकवलं. तिचा तंबोरा आता माझ्याकडे आला आहे. मिरजेचा आहे, जनानी. गवसणीच्या खिशात १९६८ सालची पावती अजून घडी घालून ठेवलेली आहे. आत्याच्या आजारपणात तो तीन-चार वर्षं कोपऱ्यात उभाच होता, त्यामुळे तारांना गंज चढला होता. मी इथल्या एका दुकानात नेऊन चारही तारा बदलून घेतल्या. भोपळ्याला तडा नाही, खुंट्या फिरतात, तारा नव्या कोऱ्या आहेत. पण तो बोलत नाही. तार छेडली की टण्ण होतं आणि आवाज तिथेच विझतो. आत्याच्या हातात हाच तंबोरा खोली भरून टाकायचा, हे मी लहानपणापासून ऐकलंय.

मी स्वतः तीन वर्षांपासून गाणं शिकतेय. क्लासमध्ये मोबाइलवरच्या ॲपवर गातो. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ठेव आठवण म्हणून. लावण्यातच तुझा अर्धा तास जाईल, तेवढ्यात पलटे होतील."

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. याला नेमकं काय झालंय? आणि आत्या विद्यार्थिनींना म्हणायची, "गंधार ऐकू आला का? आला की मग गा." तंबोऱ्यात तर प, सा, सा, सा एवढ्याच तारा. मग गंधार, म्हणजे ग, कुठून यायचा?

खर्ज

जाईताई, आत्या गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

एक सांगा. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिथे, प्रत्येक तारेखाली दोरा आहे का?

जाई_नाशिक

नाही. पूर्वी काळपट दोरे होते. दुकानदाराने "घाण झालेत" म्हणून काढून टाकले.

खर्ज

मग तंबोऱ्याचा आवाज त्या दोऱ्यांबरोबर गेला. घाबरू नका, परत येईल.

तंबोऱ्याची घोडी सतारीसारखी रुंद असते आणि तिची पाठ पुढच्या बाजूला किंचित उतरती घासलेली असते, इतकी किंचित की डोळ्यांना सपाटच वाटते. तार त्या उतारावर टेकते. छेडली की ती थरथरत उताराला शिवते, सुटते, पुन्हा शिवते. त्यातून जो झणकार निघतो ती जवारी. तार कुठे सुटते आणि कुठे शिवते, ती जागा दोरा ठरवतो. दोरा नसेल तर तार एक तर उतारावर दबून बसते किंवा त्याला शिवतच नाही. तुमचा टण्ण आवाज तिथून येतोय.

घरात शिवणाचा साधा सुती दोरा असेल. वीतभर तुकडा घ्या, तारेच्या खाली घाला, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि तार छेडत छेडत दोरा घोडीवर केसभर मागे-पुढे सरकवा. बहुतेक ठिकाणी आवाज मेलेलाच राहील. मग एका जागी तार एकदम उघडेल. ती जागा हाताला आधी कळते, दोऱ्याखाली तार जिवंत झाल्यासारखी वाटते. तिथे थांबा. असं चारही तारांना करा. एका तारेची जवारी खुली आणि दुसरीची बंद राहिली तर तंबोरा लंगडतो, म्हणून चारींचा पोत सारखा व्हायला हवा. काहींना सुती दोरा चालतो, काही रेशमी घेतात, मी लोकरीचा एक पदर काढून वापरतो. दर तंबोऱ्याचं वेगळं असतं.

एवढं करूनही झणकार आला नाही, तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्या असतील. पन्नास-पंचावन्न वर्षांत पडतातच. मग कारागिराकडून जवारी काढून घ्यावी लागेल. ते काम कानशीचं, आणि त्याहून जास्त कानाचं. स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसू नका. एकदा जास्त घासलं गेलं तर ते भरून काढता येत नाही.

आता लावण्याचं. आधी जोड, म्हणजे मधल्या दोन तारा. एक तार तुमच्या पट्टीच्या सा ला आणा. हे पेटीवरून किंवा ॲपवरून केलं तरी चालेल. दुसरी जोडीची तार मात्र फक्त पहिलीवरून लावायची, तिथे यंत्र नको. दोन्ही जवळ आल्या की आवाजात लाटा येतात, वाँव-वाँव-वाँव. जशा जवळ याल तशा लाटा संथ होतात. शेवटी एक लांब लाट येते आणि ती निवली की दोन तारांची एकच तार होते. मग खर्ज, म्हणजे शेवटची, खालच्या सा ची तार. मग पंचम, म्हणजे पहिली तार. पंचम सर्वांत शेवटी, कारण त्याचं घर जोड आणि खर्ज मिळून ठरवतात. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा, नाहीतर घसरेल. घसरतच असेल तर थोडा खडू लावा. खुंटीने जवळपास आणलं की बाकीचं काम मण्यांनी करायचं. घोडीच्या मागे प्रत्येक तारेत मणी ओवलेला असतो. तो घोडीपासून लांब, खालच्या टोकाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

तुमच्या बाईंचा मान राखून सांगतो, त्या अर्ध्या तासाबद्दल माझं मत वेगळं आहे. माझ्या गुरुजींनी मला पहिले चार महिने गायलाच दिलं नाही. सकाळी जाऊन दोन तंबोरे लावायचे, ते आतून चहा पीत ऐकायचे आणि म्हणायचे, "उजव्याचा पंचम चोरटा आहे." मी पुन्हा लावायचो. त्या चार महिन्यांत मी एकही बंदिश शिकलो नाही. पण आज माझा सा कधी हलतोय हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही, ते त्या चार महिन्यांमुळे.

कंपन

गंधाराच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. पदार्थविज्ञान शिकवतो आणि हौशी बासरी वाजवतो.

कुठलीही तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, असं पुढे. त्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे सूक्ष्म सूर निघतात. पुस्तकात नेहमी घेतात तसा मध्य सप्तकातला सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरू. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, १२० वर. तिची दुप्पट २४०, म्हणजे सा. तिप्पट ३६०, म्हणजे पंचम. चौपट ४८०, तार सा. आणि पाचपट ६००. तार सा ४८० असताना ६०० म्हणजे त्याच्या सव्वापट, म्हणजेच शुद्ध गंधार. कुणी लावलेला नाही, कुठली तार त्यासाठी ठेवलेली नाही, तरी ऐकू येतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आत्या हाच विचारत होत्या.

असं प्रत्येक तारेत होतं. पंचमाची तार १८० ची. तिची तिप्पट ५४०, हा तार सप्तकातला रिषभ. पाचपट ९००, हा तार निषाद. चार तारांमधून सा, रे, ग, प, नि पाझरत असतात. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमाला लावतात. ती १६० ची. तिची तिप्पट थेट तार सा. मारवा, पूरियाला अनेकजण तिथे निषाद ठेवतात. तो २२५ चा. तिप्पट ६७५, म्हणजे बरोबर तीव्र मध्यम! मारव्यात पंचम नाही आणि मध्यम तीव्र आहे. पहिली तार बदलल्याबरोबर तंबोरा त्या रागाच्या बाजूने बोलू लागतो. हे गणित मी पहिल्यांदा मांडून पाहिलं, त्या दिवशी बराच वेळ कागद हातात धरून बसलो होतो.

आता हे सूक्ष्म सूर इतर वाद्यांपेक्षा तंबोऱ्यातच एवढे ठळक का? इथे चंद्रशेखर वेंकट रामन येतात. नोबेल मिळण्याच्या आधी, कलकत्त्यात असताना त्यांनी आपल्या वाद्यांवर बरंच काम केलं. १९२१ साली तंतुवाद्यांवर लिहिताना त्यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा तारेचा एक जुना नियम पाळत नाहीत. नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या सूक्ष्म सुराचं कंपन शून्य असतं तो सूर निघता कामा नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट वगैरे सूर गप्प राहायला हवेत. तंबोऱ्यात ते गप्प राहत नाहीत. कारण घोडीची ती उतरती पाठ. तार तिला शिवते तेव्हा प्रत्येक थरथरीत शक्ती वरच्या सुरांकडे ढकलली जाते. मिरजेच्या कारागिरांनी कानाने जे घासून काढलं, त्याचं कारण रामन यांनी शोधलं.

अवांतर : सातपट ८४० येतो, म्हणजे सप्तकभर खाली ४२०. हा आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला असतो. जवारी फार खुली असेल तर तो कुरकुरल्यासारखा ऐकू येतो.

पांढरी_दोन

कंपन, सुंदर. वाचनखूण साठवली.

मी पेटी वाजवतो, त्यामुळे यात माझी एक बाजू आहे. तुमच्या हिशोबाने तंबोऱ्याचा गंधार ६००, म्हणजे मध्य सप्तकात ३००. माझ्या पेटीवर बारा सूर समान अंतरावर लावलेले असतात, तिथे गंधार ३०२.४ येतो. शुद्ध धैवत तंबोऱ्याच्या हिशोबात ४००, पेटीवर ४०३.६. कोमल गंधार २८८ हवा, तर पेटीवर २८५.४. भूप गाणाऱ्याच्या मागे मी गंधारावर बोट ठेवून राहिलो की पेटी आणि तंबोरा यांच्यात लाटा येतात. चांगल्या गायिकेच्या कपाळावर तेव्हा आठी पडलेली मी पाहिली आहे. साथ करताना मी अशा वेळी गंधार दाबून ठेवत नाही, स्पर्श करून सोडतो. सूर तंबोऱ्याने धरायचा, मी वाट दाखवायची.

ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं. १९७१ नंतर ती सैल होत गेली. ती बंदी अन्यायाचीच होती असं मी मानतो, कारण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी याच पेटीतून काय काढून दाखवलं ते महाराष्ट्राने ऐकलंय. पण सुरांबद्दलची तक्रार खोटी नव्हती.

जुनी_पानं

पेटीचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म सुरांवर, इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांना साथ मिळाली ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याची, आणि गळा मिळाला किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब गायचे, हे दोघं मोजायचे आणि श्रुती वाजवणारी पेटी करायचे. १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी आणि पंडित भातखंडे यांची मतं समोरासमोर आली. भातखंडे ग्रंथ आणि प्रत्यक्ष गायन यांची सांगड घालायला निघाले होते, त्यांना श्रुतींचा हा गणिती आग्रह पटला नाही. मला दोघांबद्दलही आदर आहे. भातखंड्यांनी दहा थाटांत, म्हणजे सुरांच्या दहा साच्यांत, राग मांडले नसते तर माझ्यासारख्या पुस्तकातून शिकणाऱ्याला दार सापडलंच नसतं. पण थाट कागदावर मावतो, गंधार मावत नाही, हेही तितकंच खरं.

आणखी एक. भरताच्या नाट्यशास्त्रात तंबोरा नाही. तिथे श्रुती सिद्ध केल्या आहेत दोन वीणांवर, एक स्थिर ठेवायची ती ध्रुववीणा आणि दुसरी उतरवत न्यायची ती चलवीणा. गायकाच्या खांद्याला तंबोरा टेकलेला दिसतो तो पुढे मुघल चित्रांत. एक सा अखंड वाजत राहिला, की सगळे सूर त्या एका सा शी नातं सांगू लागतात. जुन्या मूर्च्छना, म्हणजे वेगवेगळ्या सुरापासून सुरू होणाऱ्या स्वरमालिका, मागे पडून आजचा राग उभा राहिला, त्यात या चार तारांचा मोठा वाटा आहे, असं मानणारे अभ्यासक आहेत. मलाही ते पटतं.

चौथा_मजला

मी ठाण्यात गाणं शिकवते. माझ्याकडे चौदा मुलं येतात, सगळी शाळा-शिकवण्या करून. एका तुकडीला पंचेचाळीस मिनिटं मिळतात. माझ्याकडे तंबोरा आहे, तो मी माझ्या रियाजाला लावते. पण मुलांना ॲपच लावून देते आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही.

मी स्वतः ज्या गावात वाढले तिथे तंबोरा फक्त एका घरात होता, आणि त्या घरात आम्हाला जाता येत नव्हतं. मी पहिली दोन वर्षं शाळेच्या पेटीच्या एका पट्टीवर गायले, ती पट्टी दाबून ठेवायला धाकटी बहीण बसायची. नंतर वडिलांनी विजेवरचा तंबोरा आणला, तेव्हा मला पहिल्यांदा सतत सा मिळाला. तो खोटा तंबोरा होता म्हणून माझं गाणं खोटं झालं नाही. आज कुणाही मुलीला फुकट सा मिळतो, यासारखी चांगली गोष्ट नाही. खर्जकाका, चार महिने फक्त तंबोरा लावायला शिकवणारे गुरुजी तुम्हाला मिळाले. असे गुरुजी आणि असे चार महिने फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

खर्ज

चौथा_मजला ताई, तुमचं म्हणणं मान्य. तुमच्या बहिणीने पट्टी दाबून धरली, तेही तंबोराच धरणं होतं. मी बोललो त्यात ही बाजू राहून गेली होती.

एक विनंती फक्त करतो. महिन्यातून एकदा तुमचा तंबोरा त्या चौदा मुलांसमोर उतरवा आणि त्यांच्यासमोर लावा. ॲपमध्ये सा आधीच बरोबर असतो, त्यामुळे तो चुकीचा असतो तेव्हा कसा वाटतो हे मुलांना कधी ऐकायलाच मिळत नाही. लाटा निवताना एकदा ऐकल्या की पोरं विसरत नाहीत.

कंपन

यात एक व्यवहारातली भर. ॲप वापरायचंच तर मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर नको. पुरुषांची काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरली तर सा साधारण १३९ आणि खर्ज ७० च्या खाली. एवढ्याशा स्पीकरमधून तो निघतच नाही. वरच्या सुरांवरून आपला मेंदू खर्ज कल्पून घेतो. बऱ्यापैकी मोठा स्पीकर जोडा आणि आवाज आपल्या गळ्यापेक्षा लहान ठेवा.

चौथा_मजला

दोन्ही करते. खर्जकाका, पुढच्या रविवारीच उतरवते. धन्यवाद.

वीणेकरी

मला शास्त्रीय संगीतातलं कळत नाही. आमच्या गावात सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम आहे. पहारे लावलेले असतात. दोन तास झाले की पुढचा गडी येतो, आधी पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो आणि मगच पहिला सोडतो. रात्री दोन ते चारचा पहारा माझा असतो. देवळात कुणी नसतं. त्या वेळी तारेतून आणखी एक बारीक आवाज येतो, माणूस गुणगुणल्यासारखा. मला वाटायचं, झोपेमुळे होतंय. आज कंपन सरांचं वाचून कळलं की तो खराच असतो.

जाई_नाशिक

वीणेकरी दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

मी काल रात्री दोरे घातले. जोडीच्या दोन तारा उघडल्या! खर्ज थोडा बोलला. पंचम अजिबात नाही. भिंग घेऊन पाहिलं, घोडीवर पंचमाखाली खाच स्पष्ट दिसते. घोडी पिवळसर पांढरी आहे. मिरजेला न्यावं का? तिथे कुणाला विचारायचं?

मिरजेतून

अवश्य या. मी कारागीर नाही, पण सतारमेकर गल्लीच्या जवळ वाढलो. त्या गल्लीत कुठल्याही दुकानात पाऊल ठेवा, कुणी ना कुणी खांद्याला तंबोरा लावून कान घोडीपाशी नेलेला दिसेल.

या धंद्याचं मूळ मोठं सुंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धनांच्या संस्थानात फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. तलवारी, भाले यांना धार लावण्याचा पिढीजात धंदा. शस्त्रांचे दिवस सरत आले होते. त्यांनी वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला आणि त्यातून मिरजेचे सतारमेकर झाले. त्यांच्या वंशातली माणसं आजही हेच काम करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही, मी तेव्हा पुण्यात होतो याचं मला अजून वाईट वाटतं.

भोपळा येतो पंढरपूर भागातून, भीमेकाठचा. हा खायचा भोपळा नव्हे, कडू जातीचा, जाड सालीचा. तो महिनोन् महिने वाळवतात. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, तुणीच्या लाकडाची. भोपळ्याच्या आकारावरून तंबोऱ्याची पट्टी ठरते, लाकूड त्याच्यामागून जातं. म्हणून चांगला भोपळा मिळाला की कारागीर तो मोठ्या जोडीसाठी बाजूला काढून ठेवतात.

घोडीबद्दल. १९६८ चा तंबोरा असेल तर ती सांबरशिंगाची असू शकेल, हस्तिदंतीही असू शकेल. दोन्ही आता नव्याने वापरता येत नाहीत. म्हणून सांगून ठेवा की घोडी बदलू नका, आहे तीच घासून जवारी काढा. समोर बसून करून घ्या. घाई करू नका. कारागीर थोडं घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. तुम्ही कुठल्या पट्टीत गाता हे आधी सांगा, जवारी पट्टी बघून काढतात.

वेळ काढून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावले आहेत. २७ ऑक्टोबर १९३७ ला ते मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाल कोईल या लहानशा स्टेशनवर उतरले. सांगतात की फलाटावर त्यांनी तंबोरा लावून घेतला, दरबारीत प्रार्थना गायली आणि प्राण सोडला. तिथून त्यांना मिरजेला आणलं. उरुसात दर वर्षी दर्ग्याच्या आवारात गायक हजेरी लावतात, बिदागीची अपेक्षा न ठेवता.

टोरांटोचा_हिवाळा

बाहेरदेशी तंबोरा ठेवणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहितो, कुणाचा तरी वाचेल. मी २०११ साली जोडीतला एक तंबोरा इथे आणला. पहिल्या हिवाळ्यात घराच्या हीटरने हवा इतकी कोरडी झाली की तबलीला दांडीपासून एक वीतभर चीर गेली. रात्री आवाज आला, सकाळी पाहिलं. आता हिवाळाभर खोलीत पाण्याच्या वाफेचं यंत्र लावतो आणि तंबोरा गवसणीत, हीटरपासून लांब, आडवा ठेवतो. विमानातून आणताना चारही तारा सैल केल्या होत्या आणि घोडीखाली कापडाची घडी दिली होती, त्यामुळे प्रवासात काही झालं नाही. झालं ते घरात. पावसाळ्यात तिकडे खुंट्या फुगून अडकतात, इकडे आकसून घसरतात. खडू इथेही चालतो.

जाई_नाशिक

मंडळी, जाऊन आले. उशीर झाला कळवायला.

मिरजेत दीड दिवस लागला. घोडी सांबरशिंगाचीच निघाली. ज्यांनी काम केलं ते सत्तरीचे असतील. त्यांनी आधी तंबोरा मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता हात फिरवला, मग पंचमाची खाच दाखवून म्हणाले, "बाई रोज वाजवत होत्या. मधलं बोट जड होतं त्यांचं." आत्याचं मधलं बोट खरंच जड होतं. पंचम मधल्या बोटाने छेडायचा आणि बाकीच्या तीन तारा तर्जनीने, हे ती प्रत्येक मुलीचा हात धरून शिकवायची, आणि स्वतःचा पंचम मात्र नेहमी जरा जोरात पडायचा. मला तिथे रडू आलं. त्यांनी काम थांबवलं, पाणी दिलं, आणि काही न विचारता पुन्हा कानस हातात घेतली.

मी काळी चार मध्ये गाते, त्या पट्टीला जवारी काढून दिली. दर्ग्यात जाऊन आले. संध्याकाळ होती, एकजण ओट्यावर बसून एकटाच गात होता. राग मला ओळखता आला नाही.

घरी येऊन आज नववा दिवस. पहिल्या दिवशी लावायला पन्नास मिनिटं लागली, काल अठरा. जोड मिळते, लाटा निवतात ते आता कळतं. पंचम अजून निसटतो. कुठे थांबायचं ते समजत नाही, बरोबर वाटतो आणि गायला लागले की चोरटा निघतो. खर्जकाका, तुमच्या गुरुजींचा शब्द आता आमच्या घरात रुळलाय.

गंधाराचं सांगते. पहिले सात दिवस मी तो शोधत होते आणि येत नव्हता. परवा लावून झाल्यावर मी गायले नाही. डोळे मिटून नुसती छेडत राहिले. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, शेजारी गृहपाठ करत होती. ती म्हणाली, "आई, तू तोंड मिटून कसं गातेयस?" मी गात नव्हते. मग मलाही ऐकू आला. खर्जाची तार पडली की क्षणभराने, वरून, कुणीतरी आत येऊन उभं राहिल्यासारखा.

बाईंना काल ऐकवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी क्लासला घेऊन ये. मलाही खूप वर्षं झाली."

आता एक अडचण. आज सकाळी पंचमाची तार तुटली. नवी चढवलीय, पण तासाभरात उतरते. पुन्हा चढवली, पुन्हा उतरली. तार खराब निघाली की माझं काही चुकतंय?

खर्ज

काही चुकत नाहीये. नवी तार दोन-तीन दिवस ताणते आणि उतरत राहते. खुंटीला तीन-चार वेढे नीट शेजारी शेजारी बसलेत ना, एकावर एक चढले नाहीत ना, तेवढं बघून घ्या. मग तारेखाली बोट घालून मधोमध हलकेच दोनदा उचला, म्हणजे लवकर बसेल. दोरा पुन्हा नव्याने सरकवावा लागेल, जुनी जागा नव्या तारेला चालत नाही.

पंचमाला वरून खाली येऊ नका. थोडा उतरलेला ठेवा आणि मण्याने खालून वर न्या. खर्ज आणि पंचम एकामागून एक छेडा, पंचमाकडे लक्ष देऊ नका, खर्जाकडे द्या. पंचम घरात आला की खर्ज आपोआप मोठा होतो. तो मोठा झाला की मण्यावरून हात काढा.

आणि मुलीला शेजारी बसू द्या.